दिनकर भावजींनी कोर तीन रिकामा का ठेवला होता

आज सकाळी आमच्या केळी संस्थेच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "जुन्या साहेबांनी सर्व्हरमध्ये उलटसुलट सेटिंग करून ठेवल्या होत्या. काल सगळं साफ केलं."

म्हणून लिहिते आहे. एरवी मी असल्या पोस्ट टाकत नाही.

ते जुने साहेब म्हणजे दिनकर, माझे धाकटे दीर. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

शाहपुर, डोईफोडिया आणि शहर, संस्थेची तिन्ही केळी खरेदी केंद्रं एका सर्व्हरला जोडायची ती वर्षं. सर्व्हर शहरात, सिंधीपुऱ्यातल्या ऑफिसात, लिनक्सवर चालणारा. सांभाळणारे भावजी एकटे.

सकाळी केळीचा भाव उघडला की सगळे शेतकरी एकदम मोबाइल उघडायचे. काट्यावरची वजनं आणि आवारातले कॅमेरे यांचा डेटाही त्याच वाटेने यायचा.

सर्व्हर बसायचा. भाव कळेपर्यंत बागेत कापणी खोळंबलेली.

सगळे म्हणाले, नवीन मशीन घ्या.

भावजी आमच्याकडे जेवताना म्हणाले, "मशीन चांगलं आहे वहिनी. त्याचं तुमच्यासारखं होऊन राहिलंय."

"म्हणजे काय?"

"घरात माणसं चार. हाका मात्र सगळे तुम्हालाच मारतात."

मी तेव्हा कॉलेजात गणित शिकवत होते. मला उपमा नको, कारण हवं असतं. मग त्यांनी नीट सांगितलं.

नेटवर्क कार्डात डेटा आला की कार्ड प्रोसेसरला हाक मारतं. हातातलं काम टाकून त्याने उठायचं. हा इंटरप्ट. त्या मशीनच्या प्रोसेसरला चार कोर, म्हणजे काम करणारे चौघे, शून्य ते तीन. सगळ्या हाका पडायच्या कोर शून्यवर. भाव उघडणारा प्रोग्रामही बिचारा तिथेच. बाकीचे तिघे बसून.

भावजींनी हाका पहिल्या तीन कोरमध्ये वाटल्या. भावाचा प्रोग्राम कोर तीनवर नेला. तिथे कार्डाने हाक मारायचीच नाही; भाव उघडेपर्यंत तो रिकामाच.

भाव वेळेवर उघडायला लागला. जुन्याच मशीनवर.

आणि मग त्यांनी हाच कारभार आमच्या घरात चालू केला.

मी पेपर तपासायला बसले की पुढच्या खोलीत दाराजवळ खुर्ची टाकून बसायचे. बेल, फोन, दूधवाला, शेजारीण, सगळं त्यांच्याकडे.

"वहिनींना काम आहे. काय ते मला सांगा."

तीन-चार निरोप साठले की एकदाच आत येऊन सांगायचे. सर्व्हरवरही तसंच केलं होतं म्हणे. प्रत्येक पॅकेटला हाक नाही, थोडी साठू द्यायची.

एकदा जास्तच साठवले. माझा सख्खा भाऊ खांडव्याहून आला, पुढच्या खोलीत चहा पिऊन परत गेला.

मी तापले.

"चुकलं वहिनी. वेटिंग टाइम जास्त लागला."

"सर्व्हरवर पण असंच करता का?"

"नाही हो. तिथे लोक बोंबलतात ना."

त्या संध्याकाळी मी त्यांना भाजी वाढली नाही. त्यांनी स्वतः घेतली, दोनदा.

माझी पीएचडी त्या खुर्चीच्या आड पुरी झाली. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. मी म्हणावं असं त्यांनाही वाटलं नसेल.

तर साफ केलं म्हणजे काय केलं? हाका पुन्हा वाटेल त्या कोरवर सोडल्या. आज सकाळी भाव अडकला.

हे साफ करणाऱ्या नव्या इंजिनियरला, अभिषेकला, मी फोन करून घरी बोलावलं. दुपारी बेल वाजली. दार मीच उघडलं.

"मॅडम, हमको लगा एक कोर फालतू पड़ा है।"

"फालतू नाही बेटा. राखून ठेवलाय. बस."

भावजींनी माझ्याकडे ठेवलेली सेटिंगची फाइल काढली, तासभर शिकवलं. मुलगा हुशार आहे. माझ्यासमोरच लॅपटॉपवरून सेटिंग परत बसवल्या. ग्रुपवर स्वतःहून लिहिलं, "साहेबांचंच बरोबर होतं."

भावजी, तुमचं काम जागेवर आहे. नमस्कार.

आज अभिषेकच्या हाती दिलं:
भावजींच्या सेटिंगची फाइल, पेन ड्राइव्हसकट.
कोणती हाक कोणी घ्यायची, ते तोंडी.

दाराजवळची खुर्ची दिलेली नाही.