खिडकीखालचा बाक

सुईमावशींना माणसं टाळूवरून ओळखता येत. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी शिलाई मशीन मांडून त्यांनी उभी हयात काढली होती. कुणाचा डावा खांदा उतरता आहे, कुणाच्या पाठीला पोक येऊ घातलंय, हे त्या माणसाच्या घरच्यांआधी त्यांना कळायचं.

तेव्हा खालून हाका यायच्या.

"मावशी, बाही उसवलीय, आजच्या आज पाहिजे!"

"आजच्या आज पाहिजे होती तर काल उसवायची होती!" पायडलवरचा पाय न उचलता मावशी ओरडायच्या. दोरीला बांधलेली टोपली खाली जायची आणि कपडे घेऊन वर यायची. कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते घड्याळवाले दुकान बंद करून घरी निघाले की खिडकीखाली थांबून रोज एकच प्रश्न विचारायचे, "मावशी, वेळ काय झाली हो?" भिंतभर घड्याळांमध्ये दिवस काढलेल्या माणसाने शिंपिणीला वेळ विचारायची! विनोद जुना झाला, विटला, पण दोघांनीही तो टाकला नाही.

पुढे तयार कपड्यांची दुकानं आली. उसवलं की शिवायचं सोडून लोक नवीन घेऊ लागले. हाका एकेक करून गळाल्या. घड्याळवाल्यांनी दुकान विकलं, आणि मग त्यांनाही या वाटेने रोज जायचं कारण उरलं नाही. मावशींनी लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण सोबतीला होती, तीही गेली. आता टोपलीत कांदे असत. मावशी अधूनमधून मशीनशी बोलत, पण मशीन तेल मागण्यापलीकडे काही बोलत नसे.

म्हणून वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी मिळून गट काढला, तेव्हा पहिली हजेरी मावशींची होती. ही वस्ती म्हातारपणाला झेपेल अशी करायची, एवढंच गटाचं काम. जिन्यांना कठडे लावून घेतले, हलणाऱ्या फरशा बसवून घेतल्या. दुकानांच्या पायऱ्यांच्या कडा स्वतः वाकून पिवळ्या रंगवल्या. त्या रंगाच्या दिवसांत मावशींच्या नखांत पिवळा रंग असे आणि घरी आल्यावर त्या तो लगेच काढत नसत.

मग नगरपालिकेने एक बाक मंजूर केला. एकच. जागा तुम्हीच ठरवा, म्हणाले.

गटाचे पुढारी होते ड्रायव्हरकाका. जन्मभर बस चालवली. आता बस सुटली, पण बोलण्यातली सुटली नाही. "नकाशात बोट ठेवून कुणाला दम लागत नाही," ते म्हणाले. "आपण चालून बघू. मी घडीची खुर्ची घेतो खांद्यावर. ज्याला बसावंसं वाटेल त्याने 'थांबा' म्हणायचं. तिथे खुर्ची उघडायची, बसायचं, जमिनीवर गोल काढायचा. जिथे गोल जास्त, तिथे बाक."

खडू मावशींनी दिला, कापडावर खुणा करायचा.

कल्पना चोख होती. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. चारचौघांत आधी बसायचं कुणी? खुर्ची दिसताक्षणी सगळ्यांचे गुडघे बरे झाले. एरवी दहा पावलांवर भिंतीला टेकणारी मंडळी त्या दिवशी वरातीत निघाल्यासारखी चालली. ड्रायव्हरकाका मागे वळून विनवत होते, "अहो, कुणाचा स्टॉप आहे का? का थेट डेपोलाच नेऊ गाडी?" सगळे हसले. थांबा कुणी म्हणेना.

औषधाच्या दुकानाकडे जाणाऱ्या चढावर गटात आलेले घड्याळवाले विजेच्या खांबाशी थांबले. मनगट वर करून म्हणाले, "पाच मिनिटं मागे पडलंय. लावून घेतो."

"घड्याळवाल्याचंच घड्याळ मागे?" ड्रायव्हरकाका म्हणाले, आणि घड्याळ लावून होईपर्यंत सगळे मोठ्या आनंदाने उभे राहिले. मावशी मागे होत्या. घड्याळवाल्यांच्या शर्टाची पाठ ओली होऊन अंगाला चिकटली होती आणि त्यांचे खांदे कानांपर्यंत वर जात होते. मावशींनी ते पाहिलं. पण त्या दिवशी त्यांच्या मनात भलतंच चाललं होतं.

परतताना त्यांची स्वतःची खिडकी आली. तिच्या खाली पोचल्यावर मावशींनी छातीवर हात ठेवला.

"थांबा," त्या म्हणाल्या.

खुर्ची उघडली गेली. मावशी बसल्या, पदरचे दोन-चार उसासेही टाकले. गटातल्या सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. त्या पुढे झाल्या आणि मावशींचं मनगट धरलं. नाडी लंबकासारखी संथ चालली होती. सिस्टरनी मावशींकडे पाहिलं, मग वर खिडकीकडे. "हं," एवढंच म्हणाल्या. ड्रायव्हरकाकांनी वाकून गोल काढला. सबंध वस्तीत एकच गोल. बाक तिथेच ठरला.

पालिकेची माणसं येऊन गोलाच्या आत बाकाच्या पायांसाठी दोन फुल्या मारून गेली. मावशींनी खिडकीच्या काचा धुतल्या. टोपलीची जुनी दोरी काढून नवी ओवली. बाकावर कोण बसेल, बसलेल्याला वरून आधी काय म्हणायचं, याची त्या भांडी घासताना तालीम करत. 'उन्हात कशाला बसलात?' नको, उठून जातील. 'पाणी देऊ का?' हे बरं. टोपलीतून पाणी देता येतं.

त्यानंतरच्या एका दुपारी त्या खिडकीत होत्या. इथून चढ सगळा दिसतो, फक्त आवाज पोचत नाही. घड्याळवाले पिशवी घेऊन चढत होते. त्यांचं घर वर, औषधाच्या दुकानाच्याही पुढे. खांबाशी आले. घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग खांबाला धरलेला त्यांचा हात हळूहळू खाली घसरला आणि ते रस्त्याच्या कडेला, धुळीत बसले. पिशवी आडवी पडली.

मावशी जिन्याकडे वळल्या आणि पुन्हा खिडकीशी आल्या. घड्याळवाले खांबाला धरून उठत होते. पॅन्टची धूळ त्यांनी झटकली आणि आपल्याला कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून चौफेर नजर टाकली. मावशी झटकन पडद्याआड झाल्या. आपणच काही चोरलं असावं तसा त्यांनी पडदा ओढून घेतला.

संध्याकाळी त्यांनी दिवा लावला नाही. खाली फुल्या दिसत होत्या. सांगायचं झालं तर काय सांगायचं? घड्याळवाल्यांना दम लागतो, असं चारचौघांत म्हटलं तर तो माणूस घराबाहेर पडायचं सोडेल. आणि काहीच बोललं नाही, तर बाक इथे येईल. इथे. त्यांच्या खिडकीखाली. एकदा वाटलं, आपण नाही का काढले एकटीने दिवस? मग आठवलं, धुळीतून उठताना त्या माणसाने आधी गुडघा नाही चाचपला, आधी रस्ता पाहिला.

सकाळी त्या ड्रायव्हरकाकांच्या दारात उभ्या होत्या. "माझं चुकलं. दम मला खाली नाही लागत, चढावर लागतो."

"अहो मावशी, गाडी सुटल्यावर थांबा बदलतात का?"

"उतारू म्हातारे असले तर बदलतात. खुर्ची घ्या."

कुरकुरत का होईना, काकांनी खुर्ची खांद्यावर टाकली. वाटेत सिस्टरना हाक मारली. तिघं चढ चढले. खांबाशी येऊन मावशी म्हणाल्या, "थांबा."

सिस्टरनी मनगट धरलं. नाडी त्या दिवसासारखीच संथ होती. सिस्टरनी खांब पाहिला, खांबाच्या बुडाशी बसल्याची दबलेली धूळ पाहिली, मग खाली दूर दिसणारी ती खिडकी पाहिली. बराच वेळ त्या मनगट धरून राहिल्या.

"फार जलद आहे," त्यांनी काकांना सांगितलं. "बाक इथेच हवा." काका खडू शोधायला वळले तशा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तेव्हाच्या खोट्याला मी गप्प बसले. आज मलाही खोटं बोलायला लावलंस की गं."

"तुझा हात गार आहे," मावशी म्हणाल्या. "धर अजून थोडा वेळ."

बाक आला आणि खांबाशी बसला. सुईमावशींना चढ सोसत नाही, ही बातमी वस्तीभर झाली. "कमाल आहे," घड्याळवालेही म्हणाले, "चांगल्या खुटखुटीत होत्या." शाळेच्या पायऱ्या रंगवायचं काम निघालं, तेव्हा ड्रायव्हरकाका मुद्दाम घरी आले. "तुम्ही आता आराम करा, मावशी. चढउताराची कामं आम्ही बघतो." नाही म्हणायचं तर सगळंच उसवावं लागलं असतं.

गट रंगाचे डबे घेऊन खालून गेला. ओळखीच्या टाळू, ओळखीचे खांदे. सिस्टरनी मान वर करून हात हलवला. गोलावरून पावलं गेली, फुल्या पुसट झाल्या.

आणि एका दुपारी घड्याळवाले चढावर दिसले. बाकापाशी थांबले. वर पाहिलं, खाली पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाची जागा आहे. मग बसले. बाकाचं तोंड पलीकडे होतं. खिडकीतून त्यांची फक्त पाठ दिसत होती. कानांशी गेलेले खांदे हळूहळू खाली आले, शिवण सैल सोडल्यावर कापड येतं तसे.

मावशी खिडकीवर वाकल्या.

"वेळ काय झाली हो?" त्या म्हणाल्या. फार मोठ्याने नाही. मोठ्याने म्हटलं असतं तरी तिथवर पोचलं नसतं.

तिकडे घड्याळवाले बसून राहिले. मनगटाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.