जावई डोई फोडिया नारळ

आमच्या घराण्यात जावयाच्या डोक्यावर नारळ फोडायची पद्धत कधीच नव्हती, हे मला आता मान्य आहे.

पण मला ते मान्य होईपर्यंत माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, आमच्या ह्यांच्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजला होता आणि बुऱ्हाणपूरपासून शाहपूरपर्यंत माझं नाव झालं होतं. (चांगल्या अर्थाने नाही!)

झालं असं, की स्नेहलचं, म्हणजे आमच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. मुलगा इथल्याच, बुऱ्हाणपूरजवळच्या शाहपूरचा. केतन. घरची केळीची बाग, बोलायला गोड, मोठ्यांसमोर मान खाली घालून हसणारा. नाव ठेवायला जागा नाही. घरात कार्य म्हणून मी साफसफाई काढली आणि देवघरातली एक जुनी तसबीर पुसायला घेतली. तिचा मागचा पुठ्ठा सुटला आणि आतून एक पिवळा कागद निघाला. वरपासून खालपर्यंत मोडी!

आता दुसऱ्या कुणाच्या घरी हा कागद निघाला असता तर त्यांनी तो मुकाट्याने आत सरकवून पुठ्ठा चिकटवला असता. पण मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली. शिवाय रिटायर झाल्यावर मोबाईलवर मोडीचा वर्गसुद्धा केलेला! त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून बैठकीत लावलंय. (शेवटच्या आठवड्यात आमचं नेट बंद होतं, त्यामुळे तेवढा भाग राहिला. प्रमाणपत्र मात्र आलं.)

ज्यांना मोडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवत सुटतो. लेखणी उचलायची नाही, शब्द तोडायचे नाहीत. टिंब नाही, स्वल्पविराम नाही. कुठला शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने आपल्या हिमतीवर ठरवायचं. आणि हिंमत माझ्याकडे पुष्कळ!

सुरुवातीचं अक्षर मला दोन दिवस 'शी' लागत होतं. आपले पूर्वज कागदाची सुरुवात 'शी' अशी करणार नाहीत, एवढा माझा त्यांच्यावर विश्वास होता. तिसऱ्या दिवशी ते 'श्री' निघालं.

"अगं, जेवायला वाढतेस ना?" हे म्हणाले.

"खाली 'लग्न' लिहिलंय हो!"

"कुणाचं?"

"तिथेच कसर लागलीय."

"मग सोड ना! कशाला फालतू डोकेफोड करून राहिली?"

पण सोडणारी मी नव्हे. लोक मला हट्टी म्हणतात. मी हट्टी नाही, मी ठाम आहे. भाजी करपली, दूध उतू गेलं, पत्रिका छापायच्या राहिल्या. मी भिंग घेऊन बसलेच. आणि आठवडाभराने एक अख्खी ओळ माझ्या हाती लागली. जावईडोईफोडियानारळशेलापागोटे.

मी शब्द तोडले. जावई. डोई. फोडिया. नारळ.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला! 'फोडिया' म्हणजे 'फोडूनिया'. जुन्या मराठीतलं अस्सल रूप! जावयाच्या डोईवर नारळ फोडून मग त्याला शेला आणि पागोटं द्यावं. आमच्या घराण्याची हरवलेली रीत माझ्यामुळे सापडली होती.

"अन् पागोटं कशाला?" ह्यांनी विचारलं.

"मान म्हणून!"

"टेंगूळ झाकायला असेल," हे म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

लग्नाचे विधी ठरवायला शाहपूरची मंडळी आली तेव्हा मी ती ओळ उभी राहून वाचली. एकेका शब्दावर थांबत, पूर्वी वर्गात कविता वाचायचे तशी. केतनची आई, सुमनताई, हातातला पोहे भरलेला चमचा तसाच धरून बसल्या.

"आमच्यात नवरदेवाचा कान पिळतात," त्या हळूच म्हणाल्या. "कान समजू शकते मी. पण डोकं?"

"आंटी, मतलब..." केतनने डोक्यावर हात ठेवला. "पूरा नारळ?"

"पूर्ण. शेंडीसकट."

"आई, यार, प्लीज!" स्नेहल किंचाळली. "तू लग्न लावून राहिली की मर्डर करून राहिली?"

पण केतन म्हणजे खरंच सोनं हो! त्याने स्नेहलकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "चालेल आंटी. तुमच्या घरचा रिवाज आहे तर करू." सुमनताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की हा माझाच पोरगा का!

हेल्मेटची कल्पना स्नेहलची. मी म्हटलं, कागदात हेल्मेट नाही. ती म्हणाली, कागदात नवरदेव मेला तर काय करायचं तेही नाही. मुद्दा बरोबर होता. शेवटी फेट्याच्या आत हेल्मेट, असा तोडगा निघाला आणि तो जमतो का बघायला रविवारी आमच्या अंगणात तालीम ठेवली.

केतन पाटावर बसला. डोक्याला ह्यांच्या स्कूटरचं हेल्मेट, वर सात वार फेटा. एवढं मोठं डोकं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं! शेजारपाजारचे गच्चीवर जमले. स्नेहल मोबाईल धरून उभी.

"मारू का रे?"

"ऐकू नाही येऊन राहिलं आंटी!" आतून आवाज आला.

मी कुलस्वामिनीचं नाव घेतलं आणि दोन्ही हातांनी नारळ हाणला. नारळ फुटला नाही. हेल्मेटही फुटलं नाही. नारळ टप्पा खाऊन उडाला आणि थेट ह्यांच्या अंगठ्यावर! हे एका पायावर नाचायला लागले, केतन आंधळ्यासारखा हात पुढे करून धावत सुटला आणि तुळशीवर आदळला. गच्चीवरून टाळ्या!

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं. पण स्नेहलच्या मोबाईलवरून तो व्हिडिओ मैत्रिणींच्या ग्रुपवर जायच्या ऐवजी दोन्ही घरांच्या ग्रुपवर गेला. माझ्या हातात नारळ, डोळे मोठ्ठे, आणि खाली सुमनताईंचं एकुलतं एक पोर.

पाच मिनिटांत फोन वाजला.

"ताई, पोरगा मी लहानाचा मोठा केला तो तुमच्या नारळासाठी नाही केला! रिश्ता कॅन्सल समजा!"

"अहो, पण विहीणबाई, कागदात..."

फोन बंद. स्नेहलने माझ्याकडे बघितलं, आत गेली आणि कडी लावून घेतली. मला फार वाईट वाटलं. पोरीचं भलं करायला गेले आणि तिच्याच संसारावर नारळ हाणला. खरं सांगते, स्वयंपाकघरात जाऊन मी पदर तोंडाला लावून रडले. (आणि तरीही मनात येत होतं, की वाचलं मी बरोबरच होतं!)

तेवढ्यात आत्याबाई काठी टेकत आल्या. आत्याबाई म्हणजे ह्यांच्या सख्ख्या आत्या. लग्नासाठी आठवडाभर आधीच येऊन राहिलेल्या. वय झालंय, कानाने अजिबात ऐकू येत नाही.

"काय झालं गं सूनबाई? पोरगी काहून रडते?"

"लग्न मोडलं, आत्याबाई."

"जोडलं? मग रडता काय!"

"मोडलं! मो-ड-लं!"

"कशापायी?"

मी समजावून सांगायला लागले. जावई, म्हटलं. त्या म्हणाल्या, "कोणती सुई?" डोई, म्हटलं. "कोणाची रुई?" शेवटी माझं डोकं सटकलं. त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि एका दमात, कुठेही न थांबता, जिवाच्या आकांताने ओरडले,

"जावईडोईफोडियानारळशेलापागोटे!"

आत्याबाईंचा चेहरा खुलला.

"हां हां! डोईफोडियाचे जावई! माझ्या आत्याचे मालक ते! डोईफोडियाला दिली होती ना तिला. तालेवार माणूस! लग्नकार्यात त्यांना नारळ, शेला, पागोटं द्यावंच लागे, नाही तर रुसून बसत."

डोईफोडिया! खकनारकडचं गाव! बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर ज्याची आरोळी मी जन्मभर ऐकत आले ते डोईफोडिया! गावाच्या नावाची मी डोई वेगळी केली होती आणि फोडिया वेगळं!

धावत जाऊन कागद काढला. त्याच्या खालची ओळ मी अजून वाचलीच नव्हती. (एवढी मोठी रीत हाती लागल्यावर खालचं कोण वाचतं?) तिथे स्वच्छ लिहिलं होतं, व्याहीजैनाबादनारळशेला. म्हणजे जैनाबाद गावच्या व्याह्यांना नारळ आणि शेला. कुठल्याशा जुन्या लग्नातल्या आहेराची यादी होती ती. कुणाला काय दिलं, एवढंच. हे लंगडत आले, माझ्या खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, "बरं झालं, त्या काळात कोणी पावणा फोफनार गावचा नव्हता. नाही तर आणखी काय फोडलं असतंस!"

मी कडीवर थाप मारली. "स्नेहल, चप्पल घाल. शाहपूरला जायचंय. आत्ताच्या आत्ता!"

"आता काय फोडायला?"

"नाक घासायला!"

ह्यांच्या अंगठ्याला पट्टी बांधून, नारळ सोडून बाकी सगळं म्हणजे शेला, पागोटं, पेढे घेऊन आम्ही पोचलो. मी सुमनताईंसमोर हात जोडले, सगळं पहिल्यापासून सांगितलं. डोईफोडियाचं ऐकल्यावर केतन असा काही हसला की त्याला ठसका लागला. सुमनताईंच्या ओठांचा कोपराही हलला, पण त्यांनी तो आवरला.

"लग्न ठरल्या तारखेलाच करू," त्या म्हणाल्या. स्नेहलने माझा हात घट्ट धरला. "पण ताई, तोंडी नको. तुमचं बोलणं कुठे तुटतं अन् कुठे जुळतं, काही भरवसा नाही. लिहून द्या."

देते की! मी तिथल्या तिथे कागद मागितला आणि डोळ्यांत पाणी असतानाच, पेन न उचलता झरझर लिहून काढलं, की मी तुमच्या चिरंजीवांच्या डोक्यावर नारळ फोडणार नाही. खाली झोकात सही.

सुमनताईंनी कागद लांब धरला. जवळ धरला. मग केतनकडे दिला. केतन तो घेऊन खिडकीपाशी गेला.

"'डोक्यावर नारळ फोडणार' इथपर्यंत लागून राहिलं आंटी," तो म्हणाला आणि एक पाऊल मागे सरकला. "पुढे काय आहे?"

स्नेहलने पाहिलं. ह्यांनी चष्मा पुसून पाहिलं. शेवटी कागद माझ्याकडे आला. मी तो सरळ धरला, तिरका धरला, उजेडाकडे धरला.

आणि काय सांगू, माझं मलाच लागेना!