दहिवलीत चार प्रभुभोजनं, पोशीरला एक लग्न

कर्जतला लोक भटकायला जातात. मी पहिल्यांदा गेले ती टाइपरायटर उचलून.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझे सासरे, आबा, पुण्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक. त्यांची धरून चार कडक शास्त्रनिष्ठ मंडळ्यांनी मिळून एक सहकार्य संगती काढली होती. दिवाळीच्या सुट्टीत दहिवलीच्या रिकाम्या शाळेत तिचं शिबिर ठरलं. आबा संगतीचे चिटणीस. चिटणिसांना टायपिंग येत नव्हतं, सुनेला येत होतं.

"रूथ, तीन दिवसांचाच प्रश्न आहे," आबा म्हणाले. लग्नाला चार महिने झाले होते, नाही म्हणायची सवय लागायची होती. शिवाय मला घाट बघायचा होता.

पुण्याहून रेल्वेने जाणार असाल तर खिडकी धरा. कोणत्या बाजूची, यावर वाद घालू नका. बोगदे दोन्हीकडून काळेच दिसतात. आमच्या डब्यात मात्र वाद लोणावळ्यालाच सुरू झाला होता: बाप्तिस्मा पूर्ण बुडवून की डोक्यावर पाणी शिंपडून? कर्जतला गरम बटाटेवडे आले म्हणून तो थांबला. स्टेशनापासून दहिवलीला पूल ओलांडून पायी जाता येतं, हातात टाइपरायटर नसेल तर.

सहकार्यासाठी जमलेल्या मंडळींनी पहिला ठराव केला तो कोणाशी सहकार्य करायचं नाही याचा. मोठ्या मिशनच्या मंडळ्या जगाशी तडजोड करतात, सबब त्यांच्याशी उपासना, लग्न, प्रार्थना काहीही नको. एकमताने मंजूर. मी कार्बन लावून पाच प्रती काढल्या.

मग प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस एकत्र घेण्याची, वेळ आली आणि एकमत आटोपलं. एकाला दुसऱ्याचा बाप्तिस्मा मान्य नव्हता. तिसऱ्यांच्या मते बायकांनी पदर घेतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. चौथ्यांना प्याला एकच हवा होता. अखेर अध्यक्ष योनाभाऊंनी तोडगा काढला. गृहस्थ उंच, आवाज त्याहून उंच. चार वर्ग, चार मंडळ्या. पहिलीत आम्ही, चौथीत ते. एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकच गीत चालू होतं, फक्त ताल जुळत नव्हता. दुपारी बोंबलाच्या कालवणाला मात्र सगळे एका पंगतीत बसले. त्याबद्दल कोणाचं काही शास्त्रवचन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोशीरला. नेरळपर्यंत रेल्वे, पुढे एस.टी.; गाडी वेळेवर येईल या भरवशावर राहू नका. रस्त्याच्या दुतर्फा भातकापणी चालली होती. गावात विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, पाच घरं होती. त्यांना पाळक नव्हता, म्हणून त्यांनीच संगतीला बोलावलं होतं. सगळे सरूबाईंच्या ओटीवर जमले. सरूबाई विधवा, पंचावन्नच्या, हात भाताच्या पेंढ्यांनी खरचटलेले. त्यांच्या मुलीचं, मार्थाचं, लग्न महिन्यावर आलं होतं. लग्न लावायला माणूस हवा होता.

योनाभाऊंनी ठरावाची प्रत पुढे केली. "आधी यावर सही. मग पाळक मिळेल. मुलगा कोणत्या मंडळीचा?"

सरूबाईंनी सांगितलं. नेमकी मोठ्या मिशनची.

"मग हे लग्न मोडावं लागेल."

मार्था दारात उभी होती. तिने आईकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं.

"मोडू? त्यांच्याच दवाखान्याची सिस्टर चिखल तुडवत आली तवा ही पोर जगली," सरूबाई म्हणाल्या. "तुमी तवा कुठं होतात?"

"भगिनी, प्रश्न सत्याचा आहे. आम्ही चार मंडळ्या एकदिलाने..."

"एकदिलानं?" त्या वळल्या त्या थेट माझ्याकडे. पाहुण्यांत बाईमाणूस मी एकटीच होते. "तू सांग गं. काल परभूभोजन एकत्र घेतलंत ना?"

आबा चष्मा पुसू लागले. खोटं बोलले असते तर सगळ्यांची अब्रू राहिली असती.

"नाही," मी म्हणाले. "चार खोल्यांत."

ओटीवर आधी एक म्हातारा हसला, मग सगळेच. सरूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कागद घडी घालून योनाभाऊंच्या हातात दिला. "आधी तुमी एका खोलीत या. मंग आमाला बोलवा. च्या घेऊन जा."

चहा आम्ही घेतला. गवती चहा घातलेला, फार उत्तम.

तिसऱ्या दिवशी खोपोलीवरून परत. शिळफाट्याला पुण्याच्या एस.टी.ची वाट पाहताना योनाभाऊ माझ्याशी प्रथमच बोलले. "पोशीरचं इतिवृत्तात नको."

"टाइप झालंय," मी म्हणाले. झालं नव्हतं. ते मी पुण्याला पोचल्यावर केलं, सरूबाईंच्या शब्दांत.

आबा घाटभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, आता माहेरी पाठवतात. महिन्याभराने त्यांनी कोट इस्त्री करायला सांगितला आणि "पोशीरला जातोय" एवढंच म्हणाले. मार्थाचं लग्न त्यांनी लावलं. शेजारी मोठ्या मिशनचे पाळक उभे होते. जेवताना दोघे बाप्तिस्म्यावर कडाडून भांडले आणि दोघांनीही भात दोनदा घेतला, असं मला नंतर मार्थाने सांगितलं.

संगतीने आम्हाला पत्र पाठवून वगळलं. उरलेल्या तीन मंडळ्यांच्या वर्षभरात दोन संगती झाल्या. त्यांचा एकमेकींशी पत्रव्यवहारही बंद होता.

ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं विनोद म्हणून सांगत आले आणि लोक हसतही आले. आबा हसत नसत. योनाभाऊ त्यांचे तीस वर्षांचे मित्र होते. दर नाताळला आबा त्यांना कार्ड पाठवायचे आणि जानेवारी संपेपर्यंत पोस्टमनला "आणखी काही नाही का?" म्हणून विचारायचे. मी एकदा म्हटलं, "आबा, पश्चात्ताप होतो का?"

"लग्नाचा नाही," ते म्हणाले आणि पुढच्या कार्डावर योनाभाऊंचा पत्ता लिहू लागले.