तिसरी पायरी

अर्जदार : पुरुष, वय एकसष्ट, निवृत्त नकाशा तपासनीस. उंची पाच फूट चार इंच. ओळखीची खूण : उजव्या कानामागे तांबडी पेन्सिल. अवलंबून असलेल्या व्यक्ती : एक. पत्नी, दृष्टिहीन. अर्जाचे कारण : धोकादायक घर पाडून त्याच जागी नवीन बांधणे.

यातला ‘अवलंबून’ हा शब्द बायकोला वाचून दाखवायची अर्जदाराची छाती झाली नाही.

एकतीस वर्षं हा माणूस बांधकाम खात्यात बसून लोकांचे नकाशे परत पाठवत होता. खिडकी तीन इंच लहान, परत. पायऱ्या असमान, परत. लोक तोंडावर ‘साहेब’ म्हणत आणि पाठ वळली की ‘तांबडी पेन्सिल’. स्वतः मात्र तो जुन्या वस्तीत राहत होता, जिथलं एकही घर त्याच्या नियमांत बसलं नसतं. वस्तीच्या तोंडाशी ‘ऐतिहासिक परिसर’ अशी पाटी होती. ती लागल्यापासून गटार उपसायला कुणी फिरकलं नव्हतं. इतिहासाला हात कोण लावणार?

पुढे मागच्या भिंतीचं पोट सुटलं आणि खात्याने दारावर नोटीस डकवली. तिचा मसुदा त्याचाच होता, वीस वर्षांपूर्वीचा. मुलगी म्हणाली, “बाबा, आमच्याकडे या. लिफ्टसुद्धा आहे.”

“लिफ्टने जाऊ कुठे?” आई म्हणाली. “इथे मी एकटी गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालते. तुझ्याकडे मला न्हाणीघरात जायलाही कुणाचा तरी हात लागेल.”

तिची नजर सहा वर्षांत हळूहळू गेली होती, पण तोवर घर तिला तोंडपाठ झालं होतं. नवख्या पाहुण्याला तर कळायचंही नाही. ती त्याला म्हणायची, “जपून हं, डोकं आपटेल,” आणि नेमकं त्याचंच आपटायचं.

तेव्हा नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा स्वतःचं घर कागदावर घेतलं. तिला कळावं म्हणून पुठ्ठ्यावर डिंकाने सुतळी चिकटवून भिंती केल्या. ती बोटाने घरभर फिरली.

“हे काय?”

“न्हाणीघर.”

“आणि हे?”

“डिंकाचा गोळा.”

“अहो, मग तो पुसा. मी अडखळेन.”

खिडकीच्या जागी खिडकी, मोरीच्या जागी मोरी, दार जिथलं तिथे. एकच सुधारणा त्याने केली, आणि तीही न विचारता. जुन्या जिन्यात कधीकाळी कुणीतरी फुटक्या तिसऱ्या पायरीवर फरशी बसवली होती. त्यामुळे तिसरी उंच, चौथी ठेंगणी. नव्या पंधराच्या पंधरा पायऱ्या त्याने सात इंचांच्या केल्या.

जुनं घर पाडल्यापासून दोघं भाड्याच्या खोलीत राहत होती. जिना उभा राहिला तसा तो तिला तिथून घेऊन आला. ती कुणाचा हात न धरता चढू लागली. एक, दोन. तिसरीला तिने सवयीने पाय उंच उचलला आणि तो धप्पकन खाली आला. तिचा तोल गेला. मागून नवऱ्याने धरलं म्हणून बरं.

“साहेब, सगळ्या एकसारख्या आहेत,” गवंडी घाईघाईने म्हणाला. “लेव्हल लावून बघा.”

“एकसारख्या आहेत, म्हणूनच पडले रे बाबा,” ती म्हणाली. हसली, पण नवऱ्याची बाही घट्ट धरून. सहा वर्षांत घरच्या जिन्यावर पहिल्यांदाच. “चला, घरी जाऊ.”

घरी म्हणजे भाड्याच्या खोलीत. ते त्याला फार लागलं.

रात्रभर त्याने जुन्या पायरीचं माप आठवून पाहिलं. गावभरच्या पायऱ्या त्याने मोजल्या होत्या, घरची तेवढी राहिली होती. राडारोडा तर कधीच उचलून नेला होता. दुसऱ्या दिवशी तो तिला पुन्हा घेऊन आला, तिसरीवर फरशीचा तुकडा ठेवला आणि खाली तिच्या पायाशी बसला.

“अगं, चढून बघ.”

“छे.”

आणखी एक तुकडा.

“अजून थोडी.”

“साहेब, जिना बिघडतोय,” गवंडी कळवळला.

“बिघडू दे.”

तिने पाय ठेवला. मग चौथीवर. मग कुणाला न विचारता थेट पंधरावीपर्यंत गेली आणि वरून ओरडली, “ही आपली!”

गवंड्याने तुकड्यांची जाडी मोजली : दोन इंचाला एक सूत कमी.

सुधारित नकाशा त्याने इमानदारीने खात्यात दिला. आठवड्यात तो परत आला. तांबड्या पेन्सिलीत शेरा : ‘पायऱ्या असमान. परत.’ त्याच्या जागी बसलेल्या माणसाला त्यानेच तयार केलं होतं. पोरगं चांगलं शिकलंय, असं त्याला वाटून गेलं.

सदर घराचा पूर्णत्वाचा दाखला अद्याप प्रलंबित आहे. कारण : पायरी क्रमांक तीन. अर्जदाराची पत्नी रोज सकाळी ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर जाते. एकटी.