कंपनीचा खिळा

आमच्या कारखान्याच्या कॉलनीत सगळ्यात नीटनेटकं क्वार्टर माझं होतं. त्यात माझं काम एवढंच, की मी दिवसाचे नऊ-दहा तास घरात नसायचो.

कॉलनी बडोद्याच्या बाहेर, करजणकडं जायच्या रस्त्याला. कारखान्यात पाण्याचे पंप बनायचे. मी फाउंड्रीत, वाळूचे साचे भरायचो आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचो. शाळा माझी तिसरीत सुटली. मी सोडली असं सांगतो, पण खरं म्हणजे शाळेनंच मला सोडलं. खानदेशातून चुलत्याबरोबर आलो होतो. चुलता सहा महिन्यांत गावी परत गेला. मी राहिलो, कारण परतीची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते मला वाचता येत नव्हतं.

कॉलनीत सगळं होतं. दवाखाना, बालवाडी, शनिवारी मैदानात सिनेमा, वाचनालय. वाचनालयात मी नेमानं जायचो. तिथला पंखा जोरात होता. आणि नियम होते. कोंबड्या पाळायच्या नाहीत, पुढच्या अंगणात भाजी लावायची नाही, फुलंच लावायची, आणि भिंतीत खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडर टांगायचं असलं तरी मेंटेनन्स ऑफिसात जाऊन तक्रारवहीत लिहायचं. मग दोन दिवसांनी कंपनीचा सुतार यायचा, कंपनीचा खिळा ठोकायचा आणि सही घेऊन जायचा. नळ गळला, बल्ब गेला, ढेकूण झाले, सगळ्याला तीच वही. मी लिहायच्या ऐवजी चित्र काढायचो. तिथला क्लार्क एकदा म्हणाला, "काका, आ नळ छे के वरसाद?" पाऊस असता तर तुझ्याकडं कशाला आलो असतो, असं मी म्हणालो. पण त्याचं खरं होतं, थेंब जरा जास्तच काढले होते.

म्हणजे बघा, दिवसभर मी उकळतं लोखंड ओतायचो आणि घरी आलो की बल्ब बदलायला माणूस बोलवायचो. वीस वर्षांत घरात हातोडी नव्हती. मला त्यात मोठेपणाच वाटायचा.

शेठच्या वाढदिवसाला बागेचं बक्षीस असायचं. आमची शेवंती दोनदा पहिली आली. रोपं बायकोनं लावली, पाणी बायकोनं घातलं, स्टेजवर जाऊन स्टीलचा डबा मी घेतला. फोटोतही डब्याबरोबर मीच आहे.

मग बाहेरच्या कंपन्यांना देशाची दारं उघडली आणि आमच्या शेठनं विलायतेतल्या एका कंपनीशी भागीदारी केली. पहिला बदल आम्हाला दिसला तो असा, की तक्रारवही गेली आणि इंग्रजीत छापलेला फॉर्म आला. त्यात चित्र काढायला जागाच नव्हती. मी नुसती सही करायचो, बाकीचं क्लार्क भरायचा.

दुसरा बदल म्हणजे तिकडचा एक म्हातारा गोरा इंजिनियर पाहणीला आला. त्याला कामगाराचं एक घर आतून बघायचं होतं, आणि ऑफिसनं माझं निवडलं. माझं काम बघूनच निवडलं असणार, असं मी चार जणांना सांगितलं. आदल्याच महिन्यात मी ओतलेले सहा पंप भंगारात गेले होते.

साहेबाबरोबर ऑफिसातला एक तरुण अधिकारी आला, सांगून समजवायला. तो जुन्या बडोद्याचा, आजोबा-पणजोबा राजाच्या नोकरीत. त्याचं मराठी इतकं शुद्ध होतं, की मला साहेबाचं इंग्रजी जास्त जवळचं वाटायला लागलं.

बायकोनं चहा आणि बडोद्याचा लीलो चिवडा दिला, बटाट्याचा, हिरवी मिरची घातलेला. साहेबानं चिवडा खाल्ला, डोळे पुसले, परत मागितला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून म्हणाला, छान लावलंय. मी छाती काढून म्हणालो, "कंपनीचा खिळा आहे, साहेब. आम्हाला हात लावायला लागत नाही." खिळ्याची भानगड अधिकाऱ्यानं समजावून सांगितली. साहेब हसला, आणि मग बराच वेळ बोलत राहिला. अधिकारी थांबून थांबून मराठीत सांगत होता.

साहेबाचं म्हणणं असं, की त्यांच्याकडं शंभर-दीडशे वर्षांमागं गिरण्यांचे कामगार एकेका खोलीत दहा-दहा जण राहायचे. गटाराचं पाणी प्यायचे, पोरं मरायची. तेव्हा काही मालकांनी शहराबाहेर नवी गावं वसवली. घराला बाग, न्हाणी, वाचायला हॉल, आणि बहुतेक ठिकाणी दारूचं दुकान नाही.

मी म्हणालो, "आमच्याकडं तर अख्ख्या गुजरातला दारू बंद आहे. म्हणजे सरकारनं कॉलनीच केली की."

"हे मी त्यांना सांगणार नाही," अधिकारी म्हणाला.

"का बांधली पण?" मी विचारलं. "शेठलोकांना काय पडलेलं?"

साहेबानं कारणं बोटांवर मोजली. काही मालक देवभोळे होते. एवढी संपत्ती कशी वापरली ते देव वर विचारील, असं त्यांना वाटायचं. काहींना खरंच ती पोरं मरताना बघवली नाहीत. काहींचं सरळ गणित होतं, नीट झोपलेला माणूस वेळेवर कामावर येतो. आणि घर नोकरीला बांधलेलं असलं, की संपावर जायच्या आधी माणूस बायकोचं तोंड आठवतो. बऱ्याच मालकांच्या डोक्यात हे सगळं एकदमच असायचं, असंही तो म्हणाला. त्याचे स्वतःचे आजोबा अशाच गावात राहायचे. तिथंही बागेला बक्षीस होतं. आजीला एकदा चहाची किटली मिळाली होती.

मी डबा दाखवला. साहेबानं तो हातात घेऊन बघितला.

तोवर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एकच वाक्य बोलली. "त्या घरांचं पुढं काय झालं, ते विचारा."

अधिकाऱ्यानं विचारलं. साहेब म्हणाला, काही गावं अजून आहेत, चांगली ठेवलीयेत. आजोबांच्या गावची गिरणी मात्र विकली गेली आणि घरं बाहेरच्या लोकांनी घेतली. तोवर आजोबा गेले होते. आजी म्हातारपणी भाड्याच्या एका खोलीत गेली. किटली बरोबर घेऊन गेली.

त्या संध्याकाळी मी कॉलनीभर सांगत फिरलो, की आपली कॉलनी विलायतेसारखी आहे, साहेबानं स्वतः सांगितलं. घरी आलो तर बायको म्हणाली, "बडोद्यात तरसालीला सोसायटी होतेय. आपण एक घर घेऊ. पीएफमधून काढायला तुमची सही लागेल."

"आहे की घर. शेठ देवमाणूस आहे."

"आहेच. त्याची पोरं बघितलीत का?"

शेठची पोरं मी बघितली होती. ती गाडीची काच खाली करत नसत. पण मी ताठ्यात होतो. ज्याच्या घरी साहेब चहा पिऊन गेला, त्यानं तरसालीत दोन खोल्या घ्यायच्या? मी सही दिली नाही. चार महिने दिली नाही. ती रोज विचारायची नाही, आठवड्यातून एकदा विचारायची, ते जास्त लागायचं.

मग एक दिवस मी जेवत असताना तिनं इंग्रजीतला एक फॉर्म पुढं ठेवला. "मोरीचा नळ गळतोय. सही करा." मी डाव्या हातानं ताट सरकवलं आणि सही केली. खाली अजून दोन कागद होते, त्यांवरही केली. वाटलं, नळ फारच गळत असणार.

पाच-सहा दिवस मी प्लंबरची वाट बघितली. शेवटी मेंटेनन्स ऑफिसात जाऊन भांडलो. क्लार्क म्हणाला, तुमची तक्रारच नाही. घरी येऊन बघितलं तर मोरीचा नळ कोरडा ठणठणीत.

"मग मी सही कशावर केली?" मी विचारलं.

"तरसालीवर," ती म्हणाली आणि पोळी लाटत राहिली. फॉर्म त्या शुद्ध मराठीवाल्या अधिकाऱ्यानं भरून दिला होता. मी दोन दिवस बोललो नाही. तिला ते बरं वाटलं असावं, कारण त्या दोन दिवसांत तिनं दोनदा शिरा केला.

चार-पाच वर्षांनी शेठ गेले. पोरांनी आधी फाउंड्री बंद केली, मग सगळ्यांकडून राजीनामे लिहून घेऊन त्यांना मोकळं केलं, आणि कॉलनी रिकामी करायची नोटीस लावली. ज्या नोटीसबोर्डावर बागेचे नंबर लागायचे, तिथंच लावली. माझ्या शेजारचा, माझ्यासारखाच शेठला देवमाणूस म्हणणारा, मुलाकडं सुरतेला गेला आणि तिथं हॉलमध्ये झोपतो असं कळलं. आम्ही एका टेम्पोत मावलो. डबा बायकोनं मांडीवर घेतला होता.

तरसालीच्या घरात पहिल्या आठवड्यात मी हातोडी आणली. कॅलेंडर लावायला पहिला खिळा ठोकला तो भिंतीतल्या पाण्याच्या पाइपात गेला. पाणी आलं तसा मी चप्पल घालून बाहेर पळालो आणि समोरच्या घरातल्या गुजराती काकांना विचारलं, की मेंटेनन्स ऑफिस कुठं आहे. ते म्हणाले, "भाऊ, तमारा घरमांच," आणि त्यांनीच येऊन मेन व्हॉल्व्ह बंद केला.

त्यांना चहाला बसवलं. फरशी ओली, आम्ही दोघं खाटेवर पाय वर घेऊन बसलेलो. मी त्यांना कॉलनीचं सांगितलं, गोऱ्या साहेबाचं सांगितलं, विलायतेतल्या शेठलोकांनी गावं का वसवली त्याची कारणं बोटांवर मोजून सांगितली. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि तुमच्या शेठनी का बांधली?"

मी परत बोटांवर मोजायला लागलो. बायको फडक्यानं पाणी बादलीत पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "यांना स्वतःहून घर घ्यायची अक्कल नाही, हे शेठना ठाऊक होतं, म्हणून."