मामांचं पित्त

माझ्या फैजपूरच्या मामांइतका स्वतःच्या पित्ताचा अभिमान बाळगणारा माणूस उभ्या खानदेशात सापडायचा नाही. लोक पाहुण्यांना केळीची बाग दाखवतात, मामा आपल्या पित्ताची हकिगत सांगत. सदऱ्याच्या एका खिशात गुलाबी औषधाची बाटली, दुसऱ्या खिशात पांढऱ्या औषधाची. एकीनं पोट बांधलं जाई, दुसरीनं ते नको तितकं सुटे. म्हणून मामा दोन्ही आळीपाळीनं घेत आणि बैलजोडी बरोबरीनं चालल्याच्या समाधानात राहत. केळीचे घड तोडताना एक झाकण, ट्रक भरताना एक झाकण, लग्नाच्या पंगतीत तर जेवणाआधी एक आणि नंतर एक. घोट घेतला की पांढऱ्या मिशीला गुलाबी कड उमटे. शिवाय सकाळी उपाशीपोटी पित्ताची एक गोळी असेच. ती कधीपासून चालू आहे, हे मामीलाही आठवत नसे.

तरी हिवाळा आला की मळ्यात भरीत व्हायचंच. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची आणि हिरव्या मिरच्यांसकट ती ठेचायचा मान मामांचा. शंभर माणसांचं भरीत ते एकटे ठेचत, वर तेलाची सढळ धार सोडत, आणि पहिला घास खाऊन त्यांनी "जमलं!" म्हटल्याशिवाय पंगत बसत नसे. दुसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली जी कळ निघे ती थेट पाठीत जाई. "काही नही रे, पित्त हाये," असं म्हणत मामा झाकण भरत.

गेल्या हिवाळ्यात मात्र ठेचता ठेचताच ते घामाघूम होऊन बांधावर बसले. मी धुळ्याला नोकरीला. हट्टानं त्यांना तिकडे घेऊन आलो. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले.

"पिशवी काढावी लागेल. खडा अडकला तर जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले.

मामांनी शांतपणे दोन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या. "पित्तावर माह्यं औषध चालू हाये, डाक्टरसाहेब."

बिचाऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. छातीत जळजळतं ते पित्त वेगळं, या पिशवीतलं वेगळं. बाटलीचा इथे काही उपयोग नाही. आपल्या भाषेनं दोन्हींना एकच शब्द दिला आणि मामांनी त्या एका शब्दावर उभा जन्म काढला. अलीकडे त्यांच्या पायांना येणाऱ्या मुंग्याही वर्षानुवर्षांच्या त्या गोळीनं बी-बारा कमी झाल्यामुळे असतील, असं ऐकल्यावर तर ते फार दुखावले. घरचंच माणूस उलटल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

ऑपरेशनला त्यांनी साफ नकार दिला. दोन दिवस माझ्या घरी वेळच्या वेळी झाकणं भरत राहिले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "पिशवी गेली म्हंजे भरीत पचाचं नही. मंग हिवाळ्यात मळ्यात मी काय करू? लोकायले वाढू अन् पाहात बसू?"

एरवी मी हसलो असतो. तेव्हा मी कप खाली ठेवला.

त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं आणि हाच प्रश्न विचारायला लावला. "खाल की, आबा!" डॉक्टर म्हणाले. "थोडे दिवस पथ्य, मग हळूहळू खा. तेल मात्र बेतानं."

"बेतानं म्हंजे किती?"

डॉक्टरांनी गुलाबी बाटलीचं झाकण उचलून दाखवलं. "एवढं."

मामांनी तिथल्या तिथे ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

यंदाच्या हिवाळ्यात पुन्हा मळ्यात काड्या पेटल्या. मामांनी ठेचलं, थोडं थांबत थांबत, पण स्वतः ठेचलं. सगळ्यांच्या भरितावर सढळ धार सोडली. मग आपला वाटा केळीच्या पानावर वेगळा घेतला, खिशातून धुतलेलं झाकण काढलं, काठोकाठ तेल मापलं आणि एक थेंब न सांडता ओतलं. पंगत खोळंबली होती. मामांनी घास घेतला, डोळे मिटले.

"जमलं!"

सगळे जेवायला लागले. मी त्यांच्या मिशीकडे बघत होतो. ती पांढरीशुभ्र होती. इतकी वर्षं त्या गुलाबी कडेची मी थट्टा केली, आणि ती दिसेना तेव्हा मामा एकदम म्हातारे वाटले. पण समोर बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडत होते, आणि मला तेवढं पुष्कळ होतं.