येळवशीच्या सकाळी त्रेचाळीस प्रवासी

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार एका बस कंडक्टरचे आहेत. या लेखात कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सगळे म्हणायचे तसं मीही त्यांना मामाच म्हणतो. बिलोली तालुक्यातल्या आमच्या वस्तीला बसचा थांबा नव्हता. कॉलेजच्या तिन्ही वर्षांत मामा फाट्यावर माझ्यासाठी गाडी थांबवायचे आणि उशीर झाल्याबद्दल डेपोत बोलणी खायचे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, पुढे फौजदार झालो, तो त्या थांबवलेल्या गाडीमुळे. त्याच मामांना मी एकदा खोटं ठरवलं. मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण त्या केसचा विषय निघाला की अजून माझं डोकं तापतं.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी, हजेरी चालू असताना, मामा आले. निवृत्तीनंतर ते अहमदपूरकडच्या आपल्या गावी राहत होते.

"साहेब, तक्रार द्यायचीय."

"मामा, मला साहेब कशाला म्हणता?"

"ठाण्यात साहेबच. घरी आलास की नाव घेऊन हाक मारीन."

मामांच्या गावाला सरकारी अनुदानावरची ग्रामीण बस होती. ठेका एका खासगी कंत्राटदाराकडे होता. अट अशी, की रोजच्या प्रत्येक फेरीची वेळ, अंतर आणि प्रवासी संख्या सरकारी संगणकावर भरायची. गाडीत जागा दाखवणारा जीपीएसचा डबाही बसवायचा. त्या माहितीवरच अनुदान मिळायचं.

"दोन महिने झाले, गाडी गावात आली न्हाई," मामा म्हणाले. "माझी नात अन् गावातल्या चार पोरी बारावीला हायेत. कधी दुधाच्या गाडीत जातेत, कधी पायी, कधी घरीच राहतेत. हजेरी भरंना. कॉलेजवाले म्हणतेत, परीक्षेचा फॉर्म घेणार न्हाई. त्यांनी तहसिलात इचारलं, तर तिथं सांगितलं, बस रोज चालू हाय."

"मग?"

"मग काय! माझा पोरगा पुण्याला वॉचमन हाय. कॉलेजनं त्याला फोन केला. आता तो म्हणतोय, बस चालू हाय तर पोरगी जाती कुठं? मला म्हणतोय, आण्णा, तुम्ही नातीची बाजू घेता. फॉर्म न्हाई घेतला तर तिचं लगीन लावून टाकणार हाय."

मी काय केलं? माझ्या टेबलावरचा संगणक उघडला. त्या मार्गापुढे 'नियमित' असं लिहिलं होतं. रोज दोन फेऱ्या, प्रवासी भरपूर. मी म्हणालो, "मामा, इथं तर चालू दिसतेय."

मामा उठले. "तू बी?" एवढंच म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी लाज दुसऱ्या कुठल्या दोन शब्दांनी आणली नाही. ज्या माणसाने उभा जन्म बसमध्ये काढला, त्याला बस आली की नाही हे मी पडद्यावर बघून सांगत होतो.

त्याच दुपारी मी दोन महिन्यांच्या नोंदी छापून घेतल्या आणि ओळ न् ओळ वाचायला बसलो. एका तारखेवर बोट थांबलं. त्या दिवशी वेळ अमावास्या होती, आमच्याकडची येळवस. या दिवशी अख्खं गाव रानात असतं. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच पांडव मांडून पूजा करायची, भज्जी-उंडे खायचे, ताकातली आंबील प्यायची आणि दिवस मावळताना परतायचं. शहरातले लोकसुद्धा शेतावर येतात. गावातून तालुक्याला जायला त्या दिवशी कुणी नसतं. आणि नोंद काय, तर सकाळी सातची फेरी, गावाहून तालुक्याला, प्रवासी त्रेचाळीस. आदल्या दिवशी त्रेचाळीस. दुसऱ्या दिवशीही त्रेचाळीस.

दोन पंच घेऊन आमचा जमादार तीन दिवस मामांच्या गावच्या थांब्यावर बसला. गाडी एकदाही आली नाही. पंचनामा करून स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि कंत्राटदाराच्या ऑफिसात माहिती भरणाऱ्या कारकुनाला बोलावलं. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, निर्धास्त. अशा माणसाला धाक घालून काही मिळत नाही. त्याच्याशी घरच्यासारखं बोलावं लागतं.

"येळवशीला कुठं होता?" मी विचारलं.

"रानातच की साहेब. येळवशीला माणूस गावात कशाला थांबतंय?"

"गावात कोण होतं मग?"

"कुत्रं बी नसतंय साहेब," तो हसला. "म्हातारीकोतारी सुद्धा रानात."

"आंबील किती गिलास झाली?" जमादाराने विचारलं.

"चार. लई झोप आली बघा."

मी कागद त्याच्यापुढे सरकवला. "मग सकाळी सातला ही त्रेचाळीस माणसं कुठून चढली?"

त्याचं हसू गेलं. जमादार म्हणाला, "पाच तर पांडव असतील, कोपीत पुजलेले. राहिलेले अडतीस कोण, तेवढं सांगा."

कारकुनाने कागद परत माझ्याकडे सरकवला. मग हळूच म्हणाला, "कालची ओळ खाली ओढायची अन् तारीख बदलायची. मालकानं असंच सांगितलंय."

"आणि गाड्या?"

"नांदेडकडं. लग्नाची वऱ्हाडं न्यायला."

"डबे तर संगणकावर रोज फिरताना दिसतात."

"डबे काढून जीपमधी ठेवलेत साहेब. जीप एक चक्कर मारून येती."

जीप जप्त केली. सीटखाली चार बसचे चार डबे मिळाले. येळवशीचा त्यांचा माग काढला, तर चारही 'बस' दिवसभर जीपच्या ड्रायव्हरच्या शेतात, विहिरीशेजारी उभ्या होत्या. ही माहितीही सरकारकडे रोज जात होती. एकाही माणसाने ती उघडून पाहिली नव्हती. फसवणूक आणि बनावट नोंदींचा गुन्हा दाखल झाला. कंत्राटदार अटकेत गेला आणि लवकरच जामिनावर सुटला.

पण खरा संताप त्यानंतर आला. बारावीच्या फॉर्मला चार दिवस उरले होते. बस आली नव्हती अशी दुरुस्ती संगणकावर झाली, तरच कॉलेज हजेरीत सूट देणार होतं. मी संबंधित कार्यालयात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. निकालापर्यंत नोंदीला हात लावता येणार नाही."

"नोंद खोटी आहे हे तुम्हाला मान्य आहे ना?"

"मान्य आहे हो. पण अहवाल वर गेलेला आहे."

म्हणजे लबाडाने एका बोटाने भरलेली ओळ पक्की, आणि पाच पोरींनी रस्ता तुडवला तो कच्चा! माहिती भरायची अट चांगलीच आहे, लोकांच्या पैशाचा हिशोब लोकांना मिळायलाच हवा. पण ज्याला अनुदान मिळतं त्यानेच फेऱ्या लिहायच्या, आणि थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारायचंच नाही, ही कुठली रीत? या केसने मला शिकवलं ते एवढंच, की कागद वाचण्याआधी तो ज्याच्याबद्दल आहे त्या माणसाला भेटावं. मी ते शिकलो, पण माझ्याच मामांना ठाण्यातून रिकाम्या हाताने पाठवून शिकलो.

पाचही फॉर्म भरले गेले. खटला अजून चालू आहे. माझ्या माहितीप्रमाणे ती नोंद आजही तशीच आहे. कार्यालयातून परतल्यावर मी मामांना लिहिलेलं पत्र असं होतं:

"आदरणीय मामा, सप्रेम जय भीम. त्या दिवशी मी चुकलो. माफी समोर येऊन मागेन, पण फॉर्मची मुदत थांबणार नाही, म्हणून जमादाराच्या हाती हे पाठवतो. सोबत पंचनाम्याची प्रत आणि ठाण्याच्या शिक्क्याचा दाखला आहे. दोन्ही कॉलेजात द्या. एक प्रत पुण्याला तुमच्या मुलाला पाठवली आहे आणि त्याच्याशी फोनवर बोललोही आहे. असा दाखला देण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे मी कुणाला विचारलेलं नाही. कुणी आक्षेप घेतला तर माझ्याकडे पाठवा. दाखल्यात तारखा लिहिल्या आहेत आणि खाली एक वाक्य लिहून सही केली आहे: या दिवशी गैरहजर होती ती बस, मुली नव्हेत."